वॉर्डाबाहेरच्या बाकावर : मुलाच्या कॅन्सरच्या उपचारांत घर कसं सांभाळायचं

सकाळी साडेआठला आमच्या ओपीडीबाहेरचा बाक भरलेला असतो. कुणी बार्शीहून रात्रीच्या एसटीने आलेलं, कुणी फलटणहून, कुणी हडपसरहून रिक्षाने. नवीन कोण ते लगेच ओळखू येतं. जुन्यांच्या हातात जाडजूड फाइल, पाण्याची बाटली, मुलाची घरची चादर असते. नव्यांच्या हातात फक्त रिपोर्टचं पाकीट. पुण्यात मुलांच्या कॅन्सर विभागात मी अकरा वर्षं घरच्या माणसांशी बोलण्याचं काम करते. हा लेख त्या पाकीटवाल्यांसाठी आहे, आणि गावाकडून फोन करून "आम्ही काय करू?" असं विचारणाऱ्या त्यांच्या नातेवाइकांसाठी.

इतक्या वर्षांत अनेक घरं जवळून पाहिली. या काळात टिकून राहिलेली घरं पैसेवाली किंवा शिकलेली होती असं नाही. दोन गोष्टी मात्र त्यांच्यात सारख्या दिसल्या. मुलाला त्याच्या वयाला झेपेल तसं खरं सांगितलेलं होतं, आणि कामं माणसांमध्ये वाटून दिलेली होती. पुढे जे लिहिते आहे ते सगळं या दोन गोष्टी रोजच्या दिवसात कशा बसवायच्या त्याबद्दल आहे.

पहिले तीन दिवस

"कॅन्सर" हा शब्द ऐकल्यावर डॉक्टर पुढे काय बोलले ते डोक्यात शिरत नाही. सगळ्यांचंच असं होतं. म्हणून त्या भेटीला एकटं जाऊ नका. आई-बाबा दोघं जा, नाहीतर सोबत मामा, काका, मावशी कुणीतरी घ्या. एकाने ऐकायचं, दुसऱ्याने लिहायचं.

शंभर पानी वही घ्या, सुटे कागद नकोत. पहिल्या पानावर मुलाचं नाव, रक्तगट, आजाराचं पूर्ण नाव, डॉक्टरांचं नाव आणि रात्री-बेरात्री फोन करायचा रुग्णालयाचा नंबर. पुढच्या पानांवर तारीख घालून त्या दिवशी काय झालं, काउंट (रक्तातल्या पेशींचे आकडे) किती आले, कुठलं औषध चालू झालं. वही उलटी करून मागच्या बाजूने खर्च. ही वही पुढे किती उपयोगी पडते ते रात्री दोनला ताप भरल्यावर कळतं. आईच्या तोंडून शब्द फुटत नाही, तेव्हा ड्युटीवरचे डॉक्टर वही बघून कामाला लागतात.

त्या भेटीत विचारायचे प्रश्न आधीच लिहून न्या. आजाराचं नेमकं नाव काय? सगळे उपचार मिळून किती महिने? पहिला टप्पा किती दिवसांचा, आणि त्यात दवाखान्यात किती राहावं लागेल? बरं होण्याची शक्यता किती? हा शेवटचा प्रश्न विचारताना जीभ अडखळते, पण विचारा. मुलांमध्ये सगळ्यांत जास्त आढळणारा कॅन्सर रक्ताचा असतो, आणि त्यातला अक्यूट लिंफोब्लास्टिक ल्युकेमिया नियमित उपचारांनी बहुतेक मुलांमध्ये बरा होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार श्रीमंत देशांमध्ये कॅन्सर झालेल्या मुलांपैकी ८० टक्क्यांहून अधिक मुलं बरी होतात. गरीब देशांत हा आकडा खूप खाली आहे. तिथे निदान उशिरा होतं, औषधं मिळत नाहीत आणि उपचार मध्येच सुटतात. तुमच्या मुलाचं काय हे तुमचे डॉक्टरच सांगतील. मोबाइलवर रात्रभर शोधून ते कळत नाही.

एक प्रश्न आई-बाबा मोठ्याने विचारत नाहीत, म्हणून उत्तर इथेच देते. तुमच्या हातून काही चुकलेलं नाही. बहुतेक मुलांच्या बाबतीत कॅन्सरचं नेमकं कारण सापडत नाही. गरोदरपणात काय खाल्लं, ताप आला तेव्हा दोन दिवस उशिरा दाखवलं, ग्रहणात बाहेर पडलात, कुणाची नजर लागली, यांतल्या कशानेही हा आजार झालेला नाही. तो संसर्गजन्यही नाही. एका ताटात जेवलं, कुशीत झोपलं तरी लागत नाही. सासरी-माहेरी कुणी बोट दाखवत असेल, तर त्या माणसाला एकदा ओपीडीत घेऊन या. डॉक्टरांच्या तोंडून ऐकल्यावर पुष्कळांची तोंडं बंद होतात.

पहिल्या तीन दिवसांतलं शेवटचं काम म्हणजे एक निरोप्या ठरवणं. मामा असेल, आत्या असेल. गावाला, सोसायटीला, ऑफिसला काय कळवायचं ते फक्त तो कळवेल, आणि चौकशीचे फोन त्याच्याकडे जातील. एका आईने मला सांगितलं होतं की एका दिवसात तिने एकच गोष्ट चाळीस वेळा सांगितली आणि प्रत्येक वेळी समोरचं माणूस रडलं. त्या सगळ्यांची समजूत तिला घालावी लागली.

मनाआधी पैसा आणि मुक्काम

समुपदेशक असूनही हे ठामपणे लिहिते: रात्री कुठे झोपायचं आणि उद्याच्या इंजेक्शनचे पैसे कुठून आणायचे हे ठरलेलं नसेल, तर त्या माणसाशी मनाविषयी बोलून उपयोग नाही. म्हणून पहिल्याच आठवड्यात रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात जा. ससूनसारख्या सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक असतात, खाजगी आणि धर्मादाय रुग्णालयांत मेडिकल सोशल वर्कर. त्यांना भेटणं म्हणजे हात पसरणं, असं समजून कित्येक बाबा महिना-महिना तिकडे फिरकत नाहीत आणि तेवढ्यात जमीन गहाण पडते.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे, आणि कॅन्सरवरचे उपचार त्यात येतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो. त्याला रेशनकार्ड आणि आधारकार्ड दाखवा. बाळाचं नाव रेशनकार्डावर चढलेलं नसेल तर जन्मदाखला न्या, आणि नाव चढवायचं काम गावाकडच्या काकावर सोपवा. योजनेचा टोल-फ्री नंबर १५५३८८. आपलं रुग्णालय योजनेत आहे की नाही, आणि तुमच्या मुलाच्या आजाराचा उपचार तिथे योजनेतून होतो का, हे ॲडमिट होण्याआधी विचारा.

धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवाव्या लागतात. पुण्यातली बरीच मोठी रुग्णालयं धर्मादाय आहेत. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन सोशल वर्करकडे अर्ज करा. त्याशिवाय मुख्यमंत्री सहायता निधी आहे. त्याला डॉक्टरांच्या सहीचं खर्चाचं अंदाजपत्रक लागतं. इंडियन कॅन्सर सोसायटी, कॅनकिड्स यांसारख्या संस्था आहेत. मुलांच्या आहारासाठी कडल्स फाउंडेशन अनेक रुग्णालयांतून काम करते. तुमच्या रुग्णालयाशी यांतलं कोण जोडलेलं आहे ते सोशल वर्करला माहीत असतं. रेल्वेत कॅन्सरच्या पेशंटला आणि सोबतच्या एका माणसाला तिकिटात मोठी सवलत मिळते, रुग्णालयाचा फॉर्म भरून घ्या. एसटीतही सवलत आहे.

प्रत्येक कागदाच्या पाच झेरॉक्स काढून ठेवा. कागदपत्रांचं काम आईकडे ठेवू नका. आई मुलाजवळ असते. रांगेत दुसऱ्या कुणी उभं राहावं.

मुक्कामाचं म्हणाल तर महिनाभर नातेवाइकांच्या वन रूम किचनमध्ये राहणं दोन्ही बाजूंना जड जातं, हे आधीच मान्य केलेलं बरं. धर्मशाळा किंवा संस्थेची खोली मिळते का विचारा. खोली भाड्याने घेणार असाल तर दवाखान्यापासून अर्ध्या तासाच्या आत घ्या, थोडी महाग पडली तरी. काउंट खाली असताना मुलाला १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आला तर थेट रुग्णालय गाठायचं असतं. पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघायची नसते.

मुलाला काय सांगायचं

इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण सगळ्यांत जास्त चुका इथेच होतात आणि त्या सगळ्या मायेपोटी होतात.

"त्याला काही सांगू नका हं," असं दारातच मला बजावणारे आई-बाबा दर आठवड्याला भेटतात. आत गेलं की ते मूल माझ्याकडे बघतं आणि म्हणतं, "आईला सांगू नका, पण मला माहितीये." वॉर्डात शेजारच्या खाटेवरची मुलं बोलतात, मावशी बोलतात, फाइलवर लिहिलेलं असतं. मुलाला कळतंच. न सांगितल्याने एवढंच होतं की ते एकटं पडतं. आईला वाईट वाटू नये म्हणून सहा वर्षांचं मूल गप्प राहायला शिकतं.

तीन वर्षांच्या आतल्या बाळाला आजाराचं नाव समजत नाही. त्याला भीती असते आई दूर जाण्याची. त्याच्यासाठी शब्दांपेक्षा ओळखीचं माणूस, रोजचं अंगाईगीत आणि घरची गोधडी महत्त्वाची. बाथरूमला जातानाही "मी येते" असं सांगून जा. झोपलंय बघून सटकू नका.

तीन ते सहा या वयात मुलांना वाटतं की आपण काहीतरी वाईट केलं म्हणून हे झालं. दादाला मारलं, दूध सांडलं, खोटं बोललो. ते तसं विचारणार नाही, तुम्हीच सांगा: "तू काही चुकीचं केलं नाहीस. आम्हीही नाही केलं. तुझ्या रक्तात बिघाड झालाय, तो औषधाने दुरुस्त करायचाय." एवढंच, आणि पुन्हा पुन्हा. या वयाच्या मुलाला "नीट वागला नाहीस तर डॉक्टरकाका सुई टोचतील" असं कधीही म्हणू नका. त्याला मग प्रत्येक सुई शिक्षा वाटते, आणि पुढची दोन वर्षं सुयांचीच असतात.

सात ते बारा वर्षांच्या मुलांना कारण हवं असतं, वेळापत्रक हवं असतं. आजाराचं खरं नाव सांगा. "कॅन्सर" हा शब्द तुमच्या तोंडून ऐकला तर तो कमी भयंकर होतो. मी मुलांना साधारण असं सांगते: "आपल्या हाडांच्या आत रक्त तयार होतं. तुझ्या तिथे काही वेड्यावाकड्या पेशी वाढल्यात आणि त्या चांगल्या पेशींची जागा खातायत. केमो नावाचं औषध त्या पेशींना मारतं. ते औषध केसांच्या पेशींनाही त्रास देतं, म्हणून केस जातील आणि नंतर परत येतील. तोंड येईल, मळमळेल. त्यासाठी वेगळी औषधं आहेत." मग भिंतीवर कॅलेंडर लावा आणि दवाखान्याच्या तारखांना त्यालाच रंग भरू द्या.

तेराच्या पुढची मुलं गप्प होतात आणि मोबाइलमध्ये सगळं वाचतात. त्यांना खोलीतून बाहेर काढून डॉक्टरांशी बोलू नका. त्यांना डॉक्टरांशी एकट्याने बोलायची संधी द्या, तपासणीच्या वेळी पडदा लावायचा आग्रह धरा. आणखी एक विषय आपल्याकडे संकोचाने राहून जातो. काही औषधांचा पुढे मूल होण्याच्या क्षमतेवर परिणाम होऊ शकतो. वयात आलेल्या मुलाचे शुक्राणू केमो सुरू होण्याआधी गोठवून ठेवता येतात. मुलींसाठी काय करता येईल तेही डॉक्टरांना विचारा. केमो सुरू झाल्यावर उशीर झालेला असतो.

केसांचं थोडं वेगळं सांगते. केमो सुरू झाल्यावर साधारण दोन-तीन आठवड्यांत ते उशीवर दिसू लागतात. मुलाचं डोकं तुळतुळीत करायला काही आज्या घाबरतात, घरात कुणी गेल्यासारखं वाटतं म्हणतात. त्यांच्या भीतीवर हसू नका. केस आधी बारीक कापून घ्या, आणि कधी कापायचे ते मुलाला ठरवू द्या. एका मुलीने आपली वेणी कापून रिबिनीसकट डब्यात ठेवली होती. तिला टोपीपेक्षा त्या डब्याने बरं वाटायचं.

"मी मरणार का?" असं मूल विचारतं, बहुतेक वेळा रात्री, दिवा मालवल्यावर. "वेड्यासारखं बोलू नकोस" म्हणून विषय बंद करू नका. आधी विचारा, "तुला असं का वाटलं रे?" कधी शेजारच्या खाटेवरचा मित्र दोन दिवस दिसलेला नसतो, एवढंच असतं. मग जे खरं असेल ते: "हा आजार मोठा आहे. पण डॉक्टरांकडे याचं औषध आहे आणि ते आपण घेतोय. काहीही झालं तरी मी तुझ्याजवळ आहे." खोटं वचन देऊ नका. आणि तुम्हाला रडू आलं तर येऊ द्या. आईलाही वाईट वाटतं हे मुलाला कळलं तर त्यालाही रडायची मोकळीक मिळते.

याच कारणासाठी मला मुलांना "फायटर" म्हणणं आवडत नाही. मग ज्या दिवशी त्याला उठवत नाही, त्या दिवशी आपण हरलो असं ते मूल मनात धरतं.

सुईचा दिवस

सुईची भीती कमी करता येते, आणि हे काम पूर्णपणे घरच्यांच्या हातात आहे. आदल्या दिवशी सांगा, मोठ्या मुलाला दोन दिवस आधी. "काही दुखणार नाही" म्हणू नका. "मुंगी चावल्यासारखं होईल, दहा आकडे मोजेपर्यंत" असं म्हणा. त्वचा बधिर करणारं मलम मिळतं, ते सुमारे तासभर आधी लावावं लागतं. नर्सताईंना विचारून घ्या. लहान मुलाला टेबलावर चार जणांनी दाबून धरण्यापेक्षा आईच्या मांडीवर, छातीशी घेऊन बसवता येतं का ते विचारा, बऱ्याचदा येतं. कुठल्या हाताला टोचायचं एवढी निवड त्याला द्या. साबणाचे फुगे फुंकायला द्या. फुंकताना श्वास आपोआप लांब होतो आणि अंग सैल पडतं.

पाठीतली सुई आणि बोनमॅरो (हाडातल्या मगजाची तपासणी) या तपासण्या भूल देऊन करता येतात का, हे न लाजता विचारा. घरी बाहुलीला सलाइन लावायचा खेळ मुलांना करू द्या. बिनसुईची सिरिंज आणि पट्टी द्या, आणि त्याला डॉक्टर होऊ द्या. बाहुलीला तो काय सांगतो ते कान देऊन ऐका. त्याला दवाखान्यात काय खुपतंय ते तिथे बाहेर पडतं.

स्टेरॉइड चालू असलेले दिवस वेगळे असतात. रात्री तीनला वरण-भात मागणं, क्षुल्लक कारणावरून आरडाओरडा, मग रडणं. हा स्वभाव बदललेला नाही, औषध बोलतंय. गोळ्या थांबल्यावर काही दिवसांत मूल पूर्ववत होतं. हे आजी-आजोबांनाही सांगून ठेवा, नाहीतर "लाडावून ठेवलाय" हे ऐकावं लागतं.

गावाला राहिलेलं भावंड

२०१५ साली अमेरिकेत कॅन्सरग्रस्त मुलांच्या कुटुंबांसाठी मानसिक-सामाजिक आधाराची १५ मानकं प्रसिद्ध झाली. त्यांतलं एक खास भावंडांसाठी आहे. आपल्याकडे भावंडाला आजोळी पोचवलं की विषय संपला असं धरतात.

त्या मुलाच्या जागी बसून बघा. एका रात्री आई-बाबा भावाला घेऊन गेले. परत आले नाहीत. सगळे दबक्या आवाजात बोलतात. त्याला प्रश्न पडलेले असतात: मलाही होणार का? मी त्याला ढकललं होतं म्हणून झालं का? आई आता माझी नाही का? त्याच्या पोटात दुखू लागतं, शाळेतून तक्रारी येतात, किंवा उलट ते एकदम शहाणं होतं, काही मागत नाही. या शहाण्या मुलांची मला जास्त काळजी वाटते.

रोज ठरलेल्या वेळी आईचा व्हिडिओ कॉल, दहा मिनिटं, आणि त्यात फक्त त्याच्याविषयी बोलायचं. आजार काय आहे ते त्यालाही सांगा. महिन्यातून एकदा त्याला पुण्याला आणा, डॉक्टरांनी परवानगी दिली की वॉर्डातही न्या. डोळ्यांनी पाहिलेला दवाखाना मनातल्यापेक्षा कमी भीतिदायक असतो. त्याच्या शाळेतल्या बाईंना कळवा. पाहुणे येताना आजारी मुलासाठी खेळणं आणतात, त्यांना सांगा की दोन आणा किंवा एकही आणू नका. आणि त्याच्या गॅदरिंगला आई-बाबांपैकी एक जण जायलाच हवा, त्या दिवशी वॉर्डात मावशी बसेल.

आई, बाबा आणि बाकीचे

आई वॉर्डात, बाबा रांगेत किंवा कामावर, असे महिने जातात. आईला वाटतं यांना काही वाटतच नाही. बाबांना वाटतं मी कोसळलो तर घर कोसळेल. मी बाबांना जिन्यात रडताना पाहिलं आहे, तोंड धुऊन वर येताना पाहिलं आहे. त्यांच्या बायकोला ते कधी कळत नाही. आठवड्यातून एकदा, अर्धा तास, दोघांनी मुलाजवळून उठून चहाला बाहेर जा. त्या अर्ध्या तासात वही उघडायची नाही. एकमेकांना एवढंच विचारा: या आठवड्यात तुला सगळ्यांत कठीण काय गेलं?

आठवड्यातल्या दोन रात्री आईने वॉर्डात झोपायचं नाही. इथे आया माझ्याशी भांडतात. पण चौदा रात्री खुर्चीत काढलेली आई औषधाच्या वेळा चुकते, मी पाहिलं आहे. बाबा, आत्या, काकू कुणीही बसू दे. मूल दोन दिवस कुरकुरतं आणि मग बाबांच्या गोष्टीची वाट बघू लागतं.

दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप नाही, जेवण जात नाही, सतत तोच प्रसंग डोळ्यांसमोर येतो, कशातच जीव रमत नाही किंवा जगू नये असं वाटतं, तर हा थकवा समजून सोडून देऊ नका. मुलाच्या डॉक्टरांना सांगा, ते मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवतील. टेली-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या नंबरवर मोफत आहे आणि मराठीतून बोलता येतं. बाबा, दारू वाढली असेल तर तेही याच नंबरवर बोलण्यासारखं आहे.

आता नातेवाइकांसाठी. "काही लागलं तर सांगा" हे वाक्य सोडून द्या. सांगायचं त्राण कुणाला नसतं. ठरावीक काम उचला. "मंगळवारी आणि शुक्रवारी डबा मी आणेन, मऊ भात आणि बिनतिखटाची भाजी, गरम." "प्लेटलेट लागल्या तर आमच्या ऑफिसमधले सहा जण तयार आहेत, हे नंबर." "गावाकडच्या म्हशी मी बघतो." "लाइट बिल माझ्याकडे." सर्दी-खोकला असेल तर भेटायला येऊ नका, आणि गौरी-गणपतीत प्रसाद घेऊन वॉर्डात गर्दी करू नका. काउंट खाली असलेल्या मुलाला कापून ठेवलेली फळं आणि बाहेरचं खाणं चालत नाही. कुणाच्या मेहुणीचा मुलगा याच आजाराने कसा गेला, ही गोष्ट इथे सांगायची नसते. अजूनही लोक सांगतात.

शाळा

शाळा सुटू देऊ नका, घरून का होईना. मुख्याध्यापकांना रुग्णालयाचं पत्र द्या, वर्गशिक्षकांना भेटा. मूल परत जाण्याआधी बाईंनी वर्गाशी बोलावं: आजार लागत नाही, केस येणार आहेत, चिडवायचं नाही. काय सांगायचं आणि काय नाही, हे आधी त्या मुलालाच विचारा. शाळेकडे एकच विनंती ठेवा: वर्गात कुणाला कांजिण्या किंवा गोवर झाला तर त्याच दिवशी फोन करा. तो फोन आला की तुम्हीही लगेच डॉक्टरांना कळवायचं.

बरं दिसू लागल्यावरचा काळ

अक्यूट लिंफोब्लास्टिक ल्युकेमियाचे उपचार साधारण दोन ते तीन वर्षं चालतात. पहिला टप्पा महिनाभराचा असतो, आणि तो संपता संपता बहुतेक मुलांच्या तपासणीत आजार दिसेनासा होतो. मूल खेळू लागतं, गाल भरतात. घरातले म्हणतात, बरा झालाय, आता कशाला ते विष? याच वळणावर काही घरं दवाखान्यात यायची थांबतात. काही महिन्यांनी आजार उलटून येतो आणि तेव्हा आमच्या हातात पूर्वीइतकं काही राहिलेलं नसतं. न दिसणाऱ्या पेशी मारण्यासाठीच पुढची दोन वर्षं असतात. मेंटेनन्समधली, म्हणजे या शेवटच्या लांब टप्प्यातली, रोजची गोळी आणि आठवड्याची गोळी हा उपचारच आहे. वहीत रोज खूण करा.

पेरणीमुळे, लग्नामुळे किंवा पैसे संपल्यामुळे तारीख जमत नसेल तर न सांगता राहू नका, फोन करा. एखादा दिवस पुढे-मागे होतो का ते डॉक्टर सांगतील, भाड्याचं सोशल वर्कर बघतील. कुणी काढा, भस्म, अंगारा दिला तर ओरडा बसेल म्हणून लपवू नका. अंगारा कपाळाला लावायला कुणाची हरकत नाही. पोटात जाणारं काहीही आधी डॉक्टरांना दाखवा, कारण काही औषधं केमोशी भांडतात.

आणि मुलींबद्दल. आपल्याकडे मुलांच्या मानाने मुली उपचाराला कमी आणल्या जातात. "पोरीच्या जातीला एवढा खर्च" हे वाक्य माझ्यासमोर उच्चारलं गेलं आहे, त्या मुलीच्या समोर. ती नऊ वर्षांची होती आणि तिने माझ्याकडे पाहिलं. घरात कुणी असं म्हणत असेल तर मला, सोशल वर्करला, डॉक्टरांना, कुणालाही एकाला सांगा. खर्चाचं काय करायचं ते आपण मिळून बघू.

उपचार संपल्यावर, आणि लागू पडत नाहीत तेव्हा

शेवटच्या गोळीच्या दिवशी सगळे पेढे वाटतात आणि त्याच रात्री आईला झोप लागत नाही. औषध होतं तोवर आपण काहीतरी करत होतो. आता नुसतं थांबायचं. साधा ताप आला तरी काळजाचं पाणी होतं. हे बहुतेक घरांत होतं आणि वर्ष-दोन वर्षांत ओसरतं. फॉलोअपच्या तारखा वहीत लिहा, आणि मुलाला हळूहळू खेळात पडू द्या, अभ्यासावरून रागवा.

काही मुलं बरी होत नाहीत. डॉक्टरांनी तसं सांगितलं तर विचारा: आता आपण कशासाठी औषध देतोय? त्याला त्रास कमी व्हावा म्हणून काय करता येईल? वारज्याला सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटर आहे, १९९७ पासून. वेदना, धाप, मळमळ यांवर तिथे उपचार होतात, घरच्या माणसाला सोबत राहता येतं, पैसे लागत नाहीत. तिथे जाणं म्हणजे आशा सोडणं असं समजून लोक फार उशिरा जातात. खरं तर चालू उपचारांच्या जोडीनेही त्यांची मदत घेता येते.

मूल त्या दिवसांत काय मागतं ते ऐका. बऱ्याचदा घर मागतं. आपली खाट, आपला कुत्रा, आजीच्या हातचं थालीपीठ. औषधं आणि वेदनाशामकाची मात्रा समजावून घेऊन घरी नेता येतं. भावंडाला तेव्हाच बोलावून घ्या, नंतर नको.

आणि नातेवाइकांनो, तेराव्यानंतर घर रिकामं होतं. तेव्हा जा. दुसऱ्या महिन्यात जा, त्याच्या वाढदिवसाला जा. त्याचं नाव घेऊन बोला, आईला रडू येईल म्हणून टाळू नका. दप्तर, चपला, वही लगेच आवरून टाकू नका. केव्हा आवरायचं ते आई-बाबा सांगतील. आमच्याकडची एक आई अजूनही ती शंभर पानी वही घेऊन वर्षातून एकदा येते, बाकावर बसते, आणि पाकीट घेऊन आलेल्या कुणालातरी पहिलं पान कसं भरायचं ते दाखवते.